अंटार्क्टिकाचा बर्फ पूर्वी समुद्रात कुठवर होता, हे तळ बघून कसं सांगतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. वीस हजार वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाचा बर्फ आजच्यापेक्षा शेकडो किलोमीटर पुढे समुद्रात होता म्हणतात. तो आज तिथे नसताना हे कळलं कशावरून? आणि चिकोडीकडच्या बीएस्सीच्या मुलाला या विषयात शिरायचं असेल तर काय करावं?

मी बेळगावात भूशास्त्र शिकवतो. त्याआधी काही काळ गोव्यात दक्षिण महासागराच्या गाळावर काम केलं. जहाजावर नाही, चाळण्या आणि सूक्ष्मदर्शकापाशी. त्यामुळे माझं पारडं गाळाकडे जरा झुकतं, ते सांभाळून वाचा.

थोडक्यात हवं असेल तर एवढंच: बर्फ कुठे टेकला होता, कुठल्या दिशेने सरकत होता आणि मागे हटताना कुठे थांबला, हे तळाचा नकाशा सांगतो. ‘कधी’ ते त्याला विचारू नका. ते चिखलाला विचारायचं, आणि चिखल सरळ उत्तर देत नाही.

आधी नकाशा. जहाजाच्या बुडाला बसवलेला मल्टिबीम एको साउंडर खाली आणि दोन्ही बाजूंना तिरपे असे शेकडो ध्वनिझोत सोडतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, म्हणजे ६०० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परत यायला ०.८ सेकंद. जहाज सरळ रेघेत जात राहतं, पट्ट्याला पट्टा जोडत जातो आणि तळाचे उंचसखल भाग समोर येतात. अडचण एवढीच की समुद्र मोकळा असतो तो उन्हाळ्यात थोडे दिवस, आणि तरंगता बर्फ अंगावर आला की आखलेली रेघ सोडून जहाज वळवावं लागतं. म्हणून या नकाशात अजून मोठमोठ्या रिकाम्या जागा आहेत.

जे दिसतं ते आपल्या भागातल्या माणसाला ओळखीचं वाटेल: उसाच्या रानात सरी पाडल्यासारखे समांतर वरंबे, सगळे एकाच दिशेला. मापं तेवढी वेगळी. दोन वरंब्यांत शे-दोनशे मीटर अंतर, उंची काही मीटर आणि लांबी कधीकधी दहा-वीस किलोमीटरच्याही पुढे. वेगाने वाहणारा बर्फ खालच्या मऊ गाळावरून घसरत गेला की ह्या सऱ्या पडतात. हा नुसता तर्क नाही. पश्चिम अंटार्क्टिकातल्या रटफर्ड हिमप्रवाहाच्या तळाशी रडारने पाहिलं तेव्हा आजच्या वाहत्या बर्फाखालीही अशाच सऱ्या सापडल्या. ते काम २००९ साली छापून आलं. पण रान पुन्हा नांगरलं की जुनी सरी राहत नाही, तसंच इथेही होतं. बर्फ नव्याने पुढे आला की मागच्या खेपेच्या खुणा खरवडून टाकतो. म्हणून समुद्रबूड जमिनीचा नकाशा बहुतेक ठिकाणी फक्त शेवटच्या माघारीचा असतो. लोक त्यावरून सगळ्या हिमयुगांबद्दल बोलायला लागतात तेव्हा मला जरा आवरतं घ्या म्हणावंसं वाटतं.

या सऱ्यांवर आडव्यातिडव्या, वाट चुकल्यासारख्या चऱ्या दिसल्या तर तो हिमनगांचा उद्योग. तरंगणारा हिमनग वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जातो आणि त्याचं बूड तळाला घासतं. त्यावरून कळतं की तिथला बर्फ तोवर तळावरून सुटून तुटायला लागला होता.

बर्फ तळावरून उचलला जाऊन तरंगू लागतो त्या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात, आणि सगळा हिशोब या रेषेचा आहे. मागे सरकताना ती एका जागी बराच काळ अडली की खालून ओढून आणलेला गाळ तिथे साचतो आणि पाचरीच्या आकाराचा, दहा-वीस मीटर आणि त्याहूनही जास्त जाडीचा ढीग तयार होतो. अशा पाचरींची रांग म्हणजे माघारीतले मुक्काम. वर एक साधं गणित करता येतं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून ५०० मीटर पाण्यात तो तळाला टेकलेला राहायचा तर त्याची जाडी साडेपाचशे मीटरच्या वर हवीच. तळावरच्या खुणेवरून नाहीशा झालेल्या बर्फाची कमीत कमी जाडी अशी निघते.

वेगही निघतो कधीकधी. पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स हिमनदीच्या पुढ्यात, सुमारे ७०० मीटर खोलीवर, ‘रान’ नावाच्या विनाचालक पाणबुडीने २०१९ साली तळ जवळून मोजला. तिथे दीडशेहून जास्त बारीक वरंबे एकामागे एक सापडले, उंची मीटरभराच्याही आत. भरती-ओहोटीबरोबर बर्फाची कड रोज उचलली जाऊन पुन्हा टेकायची आणि दिवसाला एक वरंबा उठायचा. वरंबे मोजले की दिवस मोजले. २०२२ साली आलेल्या या अभ्यासात साडेपाच महिन्यांच्या आसपास माघारीचा वेग वर्षाला २.१ किलोमीटरपेक्षा जास्त भरला. नॉर्वेच्या समुद्रात, गेल्या हिमयुगाच्या शेवटच्या अशाच वरंब्यांवरून २०२३ साली दिवसाला ५५ ते ६१० मीटर असा वेग निघाला. बर्फाचा असा वेग मी तरी आधी कुणाकडून ऐकला नव्हता. पण थ्वेट्सचे ते साडेपाच महिने नेमके कुठल्या वर्षातले? गेल्या दोनशे वर्षांत कधीतरी, इतकंच. दिवस मोजता आले, साल नाही.

आता चिखल. वजन लावलेला लांब पोकळ नळा तळात सोडून गाळाचा जो दंड वर काढतात त्याला कोअर म्हणतात. अंटार्क्टिकाच्या समुद्रबूड जमिनीवरचा कोअर बहुधा तीन भागांत सापडतो. सगळ्यात खाली टिल: माती, वाळू, खडी, गोटे सगळं एकत्र कालवलेलं, कुठलीही वर्गवारी नसलेलं. म्हणजे वर टेकलेला बर्फ होता. त्यावर खडे मिसळलेला थर, ग्राउंडिंग लाइन जवळच होती त्या काळातला. आणि वर हिरवट, मऊ चिखल, डायटम या सूक्ष्म शैवालांच्या काचेसारख्या कवचांनी भरलेला. डायटमला ऊन लागतं, तेव्हा तिथे उन्हाळ्यात तरी पाणी उघडं असणार. पुस्तकात टिल दाबून कडक झालेला असतो असं शिकवतात, पण वेगवान बर्फाखालचा टिल मऊही निघतो. नुसत्या बोटाच्या दाबावरून ठरवू नये.

टिल संपून वरचा गाळ सुरू होतो तिथलं वय काढलं की बर्फ त्या जागेवरून कधी सुटला ते कळतं. आणि इथेच सगळं घोडं अडतं. वय काढतात ते कार्बन-१४ वरून, म्हणजे जीव मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून. त्यासाठी फोरॅमिनिफेरासारख्या सूक्ष्म जिवांची चुन्याची कवचं लागतात. बारीक ब्रशच्या टोकाने एकेक उचलून काही मिलिग्रॅम गोळा करायची असतात. अंटार्क्टिकाजवळच्या थंड पाण्यात चुना विरघळतो, त्यामुळे ती मुळात दुर्मीळ. मिळाली तरी तिथल्या समुद्राचं पाणीच कार्बनच्या दृष्टीने म्हातारं, म्हणजे त्यात कार्बन-१४ आधीच कमी. अणुचाचण्यांच्या आधी जिवंत गोळा केलेले शिंपलेसुद्धा हजाराहून जास्त वर्षांचे निघतात. तेवढं वय वजा करावं लागतं. कवचं नसतील तर चिखलातला सेंद्रिय कार्बन वापरतात, पण बर्फाने जुन्या खडकांतून खरवडून आणलेला कार्बन त्यात मिसळलेला असतो आणि वय हजारो वर्षांनी फुगतं. कुठल्याही शोधनिबंधात माघारीची तारीख दिसली की मी आधी बघतो ती कशावरून काढली, आणि आकृत्या नंतर.

अलीकडच्या काळासाठी मात्र चांगली सोय आहे. पाइन आयलंड हिमनदीच्या तरंगत्या भागाला भोकं पाडून खालच्या तळाचे कोअर काढले. सुमारे २२ वर्षांच्या अर्धायुष्याचं शिसे-२१० वापरून २०१७ साली दाखवलं गेलं की तिथल्या पाण्याखालच्या कण्यावरून, म्हणजे तळावरच्या लांबट उंचवट्यावरून, बर्फ सुटायला १९४० च्या दशकातच सुरुवात झाली होती. नकाशात कणा होता. साल चिखलाने दिलं.

त्याआधीची हिमयुगं? त्यासाठी बर्फाचा नांगर पोचला नाही अशा खोल समुद्रात जावं लागतं. हिमनग वितळताना त्यात अडकलेली वाळू आणि खडे खाली पडतात. किनाऱ्यापासून दूरच्या बारीक चिखलात असा भरड कण दिसला तर तो बहुधा बर्फानेच आणलेला. चिखल ६३ मायक्रॉनच्या चाळणीत पाण्याने धुवायचा, उरलेलं वाळवायचं आणि कण मोजायचे, हे माझं तेव्हाचं रोजचं काम. १९८८ साली हार्टमुट हाइनरिख यांनी उत्तर अटलांटिकच्या गाळात अशाच खड्यांचे ठळक थर दाखवले. त्यांतले चुनखडकाचे कण हडसन सामुद्रधुनीकडचे निघाले, म्हणजे उत्तर अमेरिकेवरची हिमचादर थोड्या थोड्या काळाने समुद्रात ढासळत होती. नशिबाने कधीकधी किनाऱ्याजवळही जुनं शाबूत सापडतं: २००६-०७ मध्ये अँड्रिल या अंटार्क्टिकातल्या खोदकाम प्रकल्पाने तिथल्या मॅकमर्डोच्या तरंगत्या बर्फाखाली १,२८५ मीटर लांबीचा कोअर काढला. त्यात टिल आणि डायटमचा चिखल आलटून पालटून येतात. बर्फ येत-जात राहिला त्याची लाखो वर्षांची नोंद.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. भूशास्त्र घ्या, एमएस्सी धारवाडला होते, गोव्यातही होते. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, चोर्ला घाट उतरला की पोचलात. कन्नड-मराठी-इंग्रजीच्या गुंत्याला भिऊ नका, चाळणीला भाषा लागत नाही. तोवर गोकाककडे कलादगी खोऱ्यातल्या वालुकाश्मात लाटांच्या खुणा शोधायला शिका. गाळ वाचायची सवय तिथे लागते. आणि बर्फाने ओरखडलेला दगड बघायला दक्षिण ध्रुवावर जायला नको, चंद्रपूरकडे इरईला सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे की.

अंटार्क्टिकाभोवतीच्या तळाचा आयबीसीएसओ हा नकाशा फुकट उतरवून घेता येतो, त्याची दुसरी आवृत्ती २०२२ ची. एक चौकट ५०० मीटरची, त्यामुळे सऱ्या दिसणार नाहीत, पण पाइन आयलंड उपसागरातून बाहेर गेलेली घळ दिसते. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिचा लांबीच्या दिशेने छेद काढा. बाहेरून आत, जमिनीकडे येताना तळ वर चढायच्या ऐवजी खाली जातो असं दिसेल. छेद जमला नाही तर कुठे अडलं ते इथेच लिहा, सांगतो.