वाचक विचारतात: गल्ली आपणच सुधारायची तर सुरुवात कुठून?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही भायखळ्याला जुन्या चाळींच्या गल्लीत राहतो. आमच्याकडे सगळंच आहे, कोकणी मुसलमान, गुजराती दुकानदार, दोनचार ख्रिश्चन घरं, घाटावरची माणसं आणि मागच्या खोल्यांमधे भाड्याने राहणारी युपी-बिहारची पोरं. मधे एक पडीक प्लॉट आहे, तिथे रात्री कोणीतरी येऊन राडारोडा टाकून जातं. आम्ही आठदहा जणांनी ग्रुप काढला, भिंत रंगवली, झाडं लावली, एका पावसाळ्यात सगळं जैसे थे. आता बिल्डरची माणसं पण फिरायला लागलीत. भाचा बॉस्टनला असतो, तो म्हणतो तिकडे डडली स्ट्रीटला लोकांनीच अख्खी वस्ती उभी केली. खरंय का हे? की नुसत्या गप्पा?

उत्तर: खरंय, पण भाच्याने तुम्हाला शेवट सांगितला, सुरुवात नाही सांगितली. मला सुरुवातच जास्त आवडते.

बॉस्टनच्या रॉक्सबरी आणि डॉर्चेस्टर भागातली ही वस्ती. कृष्णवर्णीय लोक, पोर्तो रिको वगैरे ठिकाणहून आलेले स्पॅनिश बोलणारे, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डी बेटांवरून आलेले, आणि थोडे गोरे. बँका या भागात कर्जच द्यायच्या नाहीत, त्यात आगी लागायच्या, कित्येक तर मालकांनीच इन्शुरन्ससाठी लावलेल्या, असं करत करत १९८० च्या आसपास तिथली जवळजवळ एक तृतीयांश जमीन ओसाड पडली होती, म्हणजे १३०० च्या आसपास रिकामे प्लॉट. मग काय, अख्ख्या शहराचा कचरा तिथेच. तुमच्या एका प्लॉटला १३०० ने गुणा आणि बघा.

१९८४ मधे रायली नावाच्या, देणग्या देणाऱ्या एका फाउंडेशनचे ट्रस्टी तिथे आले, परिस्थिती बघून हादरले, आणि स्थानिक संस्थांना सोबत घेऊन एक योजना करायला बसले. माणसं चांगल्या मनाचीच होती. १९८५ च्या सुरुवातीला चर्चमधे सभा बोलावली, योजना मांडली, आणि समोर बसलेल्या लोकांमधून प्रश्न आला की स्टेजवर बसलेल्यांपैकी या वस्तीत राहतं कोण? झालं. कारण योजना चालवायला ठरलेल्या बोर्डात रहिवासी अगदीच मूठभर होते, बाकी सगळे संस्थावाले. सभा उधळायची वेळ आली. पण त्या ट्रस्टींचं मी मनापासून कौतुक करते, ते रुसून निघून नाही गेले, त्यांनी बोर्डच बदललं. रहिवाशांचं बहुमत, निवडणूक, आणि चारही समाजांना सारख्या जागा, मग लोकसंख्या कितीही असो. डडली स्ट्रीट नेबरहूड इनिशिएटिव्ह ती हीच.

तेव्हा तुम्ही जो ग्रुप काढलात त्यात कोण कोण आहे ते आधी बघा. मागच्या खोल्यांमधलं एक तरी पोरगं आहे का?

हे मी अनुभवाने बोलतेय. आमच्या गल्लीत आम्ही पण असाच प्लॉट तीन रविवार राबून साफ केला होता, चौथ्या सोमवारी सकाळी त्यावर फुटक्या टाइल्सचा ढीग आणि एक मोडका कमोड. दोन महिने आम्ही अर्ज करत बसलो, आणि शेवटी सांगितलं कोणी तर वॉचमनच्या मुलाने, की टेम्पो रात्री अडीचला येतो, पांढरा आहे, मागचा दिवा फुटलेला आहे. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही विचारलंच नव्हतं, कमिटीत सगळे फ्लॅटमालक!

प्रश्न: सारख्या जागा म्हणजे अन्यायच ना? आमची साठ घरं आणि त्यांची आठ, तरी मत सारखंच?

उत्तर: हा प्रश्न तुम्ही "आमची" आणि "त्यांची" असं लिहूनच विचारलात, तिथेच उत्तर आहे बघा. लोकसंख्येप्रमाणे जागा दिल्या असत्या तर छोटे गट दुसऱ्या मीटिंगपासून यायचे बंद झाले असते आणि पुढे प्रत्येक निर्णयाला बाहेरून विरोध करत बसले असते. शिवाय त्यांच्या सभांमधे इंग्रजीबरोबर स्पॅनिश आणि केप व्हर्डी क्रिओलमधे भाषांतर चालायचं, हेडफोन लावून. तुमच्याकडे एवढं नको, पण मीटिंगची नोटीस हिंदीत पण लावायला काय जातं?

आणि पहिलं काम त्यांनी असं निवडलं की ज्यावर चौघांचंही भांडण नाही. १९८६ मधे "आमच्यावर कचरा टाकू नका" अशी मोहीम काढली, बेकायदा कचऱ्याचे अड्डे बंद करा म्हणून महापौर रे फ्लिन यांच्या मागे लागले, आणि ते अड्डे बंद झालेही. रंगरंगोटी नंतर. लोकांना एकदा कळलं की आपण ओरडलो तर काहीतरी हलतं, की मग ते पुढच्या मीटिंगला येतात.

प्रश्न: वस्ती सुधारली की भाव वाढणार आणि आम्हीच बाहेर फेकले जाणार. मग सुधारायची कशाला?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी जरा थांबले, कारण ही भीती खोटी नाहीये. मुंबईत आपण गिरणगावात डोळ्यांनी बघितलंय.

डडलीवाल्यांनी याचं उत्तर जमिनीत शोधलं. रिकामे प्लॉट काही शहराचे, काही खाजगी मालकांचे, त्यातले कित्येक मालक तर सापडतच नव्हते. मग १९८८ मधे शहराने या संस्थेला ओसाड खाजगी जमीन सक्तीने संपादन करायचा हक्क दिला, जो एरवी सरकारकडे असतो. अमेरिकेत रहिवाशांच्या संस्थेला असा हक्क मिळण्याची ही पहिलीच वेळ. पैसे फुकट नाही मिळाले, फोर्ड फाउंडेशनकडून २० लाख डॉलरचं कर्ज घेतलं. जमीन गेली लोकांच्या ट्रस्टकडे, कायमची. घर तुम्ही विकत घ्यायचं पण खालची जमीन ९९ वर्षांच्या लीजवर, आणि घर विकताना किंमत ट्रस्टच्या ठरलेल्या हिशोबानेच, बाजारभावाने नाही. म्हणजे तुम्हाला थोडा फायदा मिळतो आणि पुढच्या कुटुंबाला पण घर परवडतं. ट्रस्टच्या जमिनीवर, भाड्याची धरून, २०० हून जास्त घरं आहेत आज.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर भाचा म्हणेल ताईंनी नुसतं कौतुकच केलं. पहिली नवी घरं उभी राहायला १९९० चं दशक उजाडलं, म्हणजे सभा झाल्यावर कित्येक वर्षं नुसत्या मीटिंगा. आणि ट्रस्टच्या जमिनीवर जे आहेत ते टिकले, रस्त्यापलीकडे ज्यांचं घर ट्रस्टमधे नाही त्यांना बॉस्टनच्या भाड्यांपासून कोणी वाचवलं नाही.

आपल्याकडे हे जसंच्या तसं होणार नाही, असा हक्क इथे रहिवाशांच्या संस्थेला नाही. स्वयंपुनर्विकासाचा मार्ग आहे, बिल्डरला मधे न घेता सोसायटीनेच इमारत बांधायची, त्याची माहिती जरूर काढा. पण त्यात मत सभासदाचं. पागडी देऊन राहणाऱ्या जुन्या भाडेकरूला निदान कायद्याचा आधार आहे, ११ महिन्यांच्या लीव्ह-लायसन्सवर राहणाऱ्याला काहीच नाही, तो सामान बांधतो आणि जातो. याला माझ्याकडे तरी उत्तर नाहीये.

प्रश्न: ताई, मीटिंगला कोणी येतच नाही, काय करू?

उत्तर: वेळ किती ठेवता? रविवारी सकाळी दहाला ठेवलीत तर चर्चला जाणारे गेले, दुकानवाले गेले, आणि बायका स्वयंपाकात. रात्री साडेनवाला प्लॉटवरच ठेवा, सतरंजी टाकून. आणि जेष्ठ मंडळींना आधीच सांगा की पहिला अर्धा तास पोरं बोलणार. डडलीच्या बोर्डावर जॉन बॅरोस नावाचा केप व्हर्डी घरातला मुलगा सतरा वर्षांचा असताना निवडून आला होता, पुढे तोच संस्थेचा संचालक झाला. तुमच्याकडचा असा मुलगा आत्ता बहुतेक प्लॉटवर क्रिकेट खेळत असेल, त्याला टेम्पोबद्दल विचारून बघा.