सुभद्रेसाठी ऑडिशन देतेय, नाट्यपद कुठलं घेऊ?

प्रश्न: ताई नमस्कार, मी रत्नागिरीची, वय ३८, बँकेत नोकरी. लहानपणापासून शास्त्रीय शिकले, विशारद झालेय. इथली एक हौशी संस्था राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'सौभद्र' बसवतेय आणि पुढच्या महिन्यात ऑडिशन आहे. मला त्यातली नायिका, सुभद्राच करायचीय. याआधी दोन वेगळ्या नाटकांना ऑडिशन दिली, दोन्हीकडे 'गाणं छान आहे हो तुमचं' म्हणाले आणि भूमिका दुसरीला दिली. नेमकं कुठे कमी पडते? पद कुठलं घेऊ? आणि वय जास्त झालंय का?

उत्तर: आधी वयाचं बोलू म्हणजे ते डोक्यातून जाईल. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली आलं तेव्हा खाँसाहेब करणारे वसंतराव देशपांडे ४७ वर्षांचे होते. आता तुम्ही म्हणाल ती भूमिकाच वयस्क माणसाची, सुभद्रा तर लग्नाची मुलगी. खरंय, पण सौभद्र १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी केली होती, म्हणजे पुरुषाने, आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. संगीत नाटकाचा प्रेक्षक कानाने वय ठरवतो. आवाजात मुलगी दिसली पाहिजे, बस.

आता 'गाणं छान आहे'चं. हे वाक्य मीही ऐकलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी रुक्मिणीसाठी गेले होते आणि चांगली नऊ मिनिटं गायले, आलाप, ताना, तिहाई, जे जे येत होतं ते सगळं. दिग्दर्शक शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बाळ, तू हे कुणाला सांगत होतीस?" मला उत्तरच देता आलं नाही. भूमिका गेली, पण तो प्रश्न आजही माझ्यासोबत आहे आणि तुम्हालाही मी तोच विचारतेय.

मागच्या वर्षी मी निवड करायला बसले होते तेव्हाचं सांगते. एक मुलगी आली, अप्रतिम तयारीचा गळा. पदाआधीचं वाक्य छान बोलली, मग थांबली, सरळ उभी राहिली, ऑर्गनवाल्यांकडे बघितलं, हळूच 'सा' लावून बघितला, डोळे मिटले आणि गायला लागली. त्या पाच सेकंदात सुभद्रा निघून गेली आणि समोर क्लासमधली मुलगी उभी राहिली. तिच्यानंतर एक जण आली, ती खाली बसूनच बोलत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, वाक्याचा शेवटचा शब्द जरासा लांबवला आणि त्याच शब्दावरून सुरात शिरली, ऑर्गन मागून आला. वर तार सप्तकात आवाज एकदा फाटलासुद्धा. भूमिका तिलाच दिली, आमच्यात चर्चाही झाली नाही. कारण फाटलेला सूर दोन महिन्यांच्या तालमीत बसवता येतो, पण बोलण्यातून गाण्यात कधी गेलो ते कळू न देणं, हे शिकवायला फार वेळ लागतो. मुख्य भूमिकेला आम्ही तो सांधाच बघत असतो.

तर पद कुठलं? 'वद जाऊ कुणाला शरण' घ्यायला काहीच हरकत नाही. बहुतेक जणी तेच घेतात म्हणून टाळू नका, उलट तुलनेत तुमचं वेगळेपण दिसेल. फक्त आधी आठ दिवस ते गाऊ नका. बोला. स्वयंपाक करताना, स्कूटरवर, चाल पूर्ण विसरून डायलॉगसारखं बोला. दादाने म्हणजे बलरामाने दुर्योधनाशी लग्न ठरवलंय, मनात अर्जुन आहे, घरातल्या कुणाकडे जावं कळत नाहीये, अशी मुलगी कुठे श्वास घेईल? जिथे तिला घ्यावासा वाटेल तिथेच तुम्ही घ्यायचा, तानेच्या सोयीने नाही. मग तबल्याशिवाय गा, मग ठेक्यावर. आणि पद एकटं म्हणू नका, आधीची दोन-तीन वाक्यं आणि नंतरचं एक वाक्य धरून पाठ करा. पद संपल्यावर परीक्षकांकडे बघायची सवय असते ना क्लासची, ती मोडायची, कारण सुभद्रेचं दुःख पदाबरोबर संपलेलं नाहीये.

अजून एक, एखादी साकी किंवा दिंडी, म्हणजे साध्या चालीत म्हणायची जुन्या वृत्तातली रचना, तयार ठेवा. ऑडिशनला फारसं कुणी करत नाही हे. किर्लोस्करांच्या नाटकात गोष्ट पदांतूनच पुढे सरकते आणि साकी-दिंडीत गळा दाखवायला जागाच नसते, नुसते शब्द पोचवायचे असतात. त्यात उच्चार स्वच्छ आले की दिग्दर्शक सावरून बसतात हे मी स्वतः पाहिलंय.

पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा', तुमचीच ठेवा. रेकॉर्डवरची पट्टी त्या गायकाची असते. पेटीवरची काळी चार सोयीची असेल तर आत गेल्या गेल्या ऑर्गनवाल्या काकांना स्पष्ट सांगा, 'बघा ना तुम्हीच' असं नको. आणि महिनाभर घरी नऊवारी नेसून बसणं, उठणं, वळणं करा, नाहीतर ऐनवेळी सगळं लक्ष काष्ट्यात जातं आणि श्वास वर चढतो.

प्रश्न: मी फोंड्याचा, वय २४. मला 'सौभद्र'मधला कृष्ण करायचाय पण ते नारद देतील असं वाटतंय. फॉर्मवर 'फक्त कृष्ण' लिहू का?

उत्तर: मनात खरंच तेवढंच असेल तर लिही, त्यात उद्धटपणा काही नाही. 'कुठलीही चालेल' लिहून नारद मिळाल्यावर तालमींना दांडी मारण्यापेक्षा ते कितीतरी बरं, आख्खी टीम खोळंबते रे. पण नारदाला दुय्यम समजू नकोस, त्याची पदं आठव जरा. कृष्णासाठी मात्र 'प्रिये पहा' तयार करताना देसकार रागाचा विस्तार कमी आणि समोरची रुक्मिणी जास्त. ती रुसलीय, पहाट होतेय, तू तिची समजूत काढतोयस. ऑडिशनला रुक्मिणी नसेल तर रिकामी खुर्ची माग आणि तिच्याशी गा.

प्रश्न: ऑडिशनला कराओके ट्रॅक चालेल का?

उत्तर: नको. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही आणि नाट्यपदात थांबावं लागतंच. साथ नसेल तर नुसत्या तानपुऱ्यावर गा, मोबाईलवरचा असला तरी चालेल.