डिझेलवर सबसिडी परत आली तर?

प्रश्न : सर, शिरोली एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं (धातूच्या पार्टवर रंगाची पावडर मारून ओव्हनमध्ये भाजायचं) छोटं युनिट आहे. ओव्हनचा बर्नर डिझेलवर, लाइट गेली की जनरेटर पण डिझेलवरच. पार्टनर म्हणतो, सरकारने पूर्वीसारखी डिझेलवर सबसिडी दिली तर आपण तरलो. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

उत्तर : पार्टनरला एवढंच विचारा, 2012 ला डिझेल स्वस्त होतं तेव्हा महिन्याअखेर हातात काय राहायचं? डोकं खाजवेल बघा. कारण रेट ठरवताना काम देणाऱ्या मोठ्या कंपनीचा पर्चेसवाला तुमच्या डिझेलचा भाव धरूनच स्क्वेअर फुटाचा आकडा काढतो, आणि स्वस्त डिझेल काय तुम्हाला एकट्यालाच नव्हतं, शेजारच्या गाळ्यातल्यालाही होतं, तो दहा पैसे खाली आला की तुम्हालाही यावं लागायचं, म्हणजे सबसिडी फिरून फिरून गेली त्या मोठ्या कंपनीकडेच. भाव वाढला की मात्र उलटं. रेट रिव्हिजनचं लेटर दिलं की "बघू पुढच्या क्वार्टरला", तोवर फरक तुमच्या खिशातून.

आणि ती सबसिडी कारखान्यांसाठी कधी नव्हतीच हो. जवळपास 70 टक्के डिझेल वाहतुकीत जळतं. 2012-13 मध्ये तेल कंपन्यांना डिझेलवर सुमारे 92 हजार कोटींची खोट आली, तेव्हा जानेवारी 2013 मध्ये सरकारने पंपावरचा भाव महिन्याला पन्नासेक पैशांनी वाढवायला परवानगी दिली, पण टँकरने घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकांना एकदम बाजारभाव लावला, लिटरमागे दहाएक रुपये जास्त. मग काय, एसटीच्या गाड्यासुद्धा साध्या पंपावर रांगेत! भोसरीत ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये तेव्हा गेलो होतो तर आवारातली स्वतःची टाकी कोरडी आणि पोरगा छोटा हत्तीत तीन बॅरल टाकून रोज पंपावर पळतोय, एक माणूस आणि अर्धा दिवस त्यातच. ऑक्टोबर 2014 मध्ये भाव पूर्ण मोकळे झाले, क्रूड पडत होतं म्हणून फार कोणी ओरडलं नाही.

खरं नुकसान मला वेगळंच वाटतं. जनरेटर एका लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे तेव्हा पंधराएक रुपयांना युनिट पडायचं, महाग होतं पण चालून जायचं, म्हणून ओव्हनचं इन्सुलेशन गेलंय, दाराच्या फटीतून गरम हवा बाहेर येतेय, कोणी लक्षच द्यायचं नाही. आज डिझेल नव्वदच्या आसपास, तेच युनिट सत्तावीस-अठ्ठावीसला. आता ती फट दिसते! तुमच्या ओव्हनच्या दाराची दोरी (फट बंद करणारं सील) शेवटची कधी बदलली ते आठवतंय का?

स्वस्त इंधनाला भेसळीची कीड पण लागते. रेशनचं निळं रॉकेल डिझेलहूनही कितीतरी स्वस्त, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळायचे, बर्नरचं नोझल चोक, पावडरवर काजळी, अख्खा लॉट रिजेक्ट. मनमाडजवळ 2011 मध्ये अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणेंना भेसळखोरांनी जिवंत जाळलं, ते याच भावातल्या फरकापायी.

प्रश्न : डिझेलचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करणं) मिळत नाही पण एलपीजीचं मिळतं असं सीए म्हणतो, खरंय का?

उत्तर : खरंय. डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावरचा व्हॅट तुमच्या खर्चातच मुरतो. कमर्शियल एलपीजी आणि फर्नेस ऑइल जीएसटीत आहेत, 18 टक्के भरता आणि क्रेडिट घेता. पाइपच्या गॅसचं मात्र डिझेलसारखंच, तो पण बाहेर. तेव्हा बर्नर बदलायचं कोटेशन घ्याल तेव्हा एलपीजीचा भाव टॅक्स वगळून धरा आणि डिझेलचा पंपावरचा अख्खा, नाहीतर तुलना चुकेल. आणि आधी ती दाराची दोरी बदला, बर्नरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.