पूल होता तिथे नदीत उतरू नका

जंगलातल्या बंद पडलेल्या रस्त्यांनी दुर्गम भागात पोचणं आणि वाटेतल्या नद्या पायी ओलांडणं, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. रस्ता बंद असला तरी जमिनीला मालक असतो. तेव्हा वनखात्याची किंवा जमीनमालकाची परवानगी आधी काढलेली आहे, असं गृहीत धरूनच पुढची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जुन्या नकाशात लाकूडतोडीसाठी केलेला रस्ता दिसतो, नव्या आवृत्तीत तो गाळलेला आहे. तो शिल्लक आहे की नाही, हे निघण्याआधी कसं ओळखायचं?

नकाशावरून पुसला म्हणून रस्ता जमिनीवरून जात नाही. डोंगर कापून केलेला सपाट पट्टा कित्येक दशकं टिकतो. अडचण होते ती पट्टा जिथे तुटला तिथे, आणि तो तुटतो बहुतेक वेळा पाण्याच्या जागी.

त्या भागाचं लायडार उपलब्ध असेल तर पहिल्यांदा ते बघा. विमानातून सोडलेल्या लेझरचे काही किरण झाडोऱ्याच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. त्यावरून केलेल्या छायांकित चित्रात झाडं गायब होतात आणि उतारावर कोरलेला रस्ता नखाने ओढलेल्या रेघेसारखा उठून दिसतो. लायडार नसेल तर पानगळीच्या दिवसांतले उपग्रह-फोटो शोधा. या चित्रांवर तीन गोष्टी टिपून ठेवा : रस्ता ओढा किंवा नदी ओलांडतो ती प्रत्येक जागा, रेघ मध्येच तुटते ती जागा (तिथे दरड कोसळली असणार), आणि जिथे फाटे फुटतात ते.

चढ किती आहे तेही तपासा. ट्रकसाठी केलेला रस्ता साधारण 10 टक्क्यांच्या आसपास चढतो, म्हणजे एका किलोमीटरला 100 मीटर. समोच्च रेषा कापत सरळ वर जाणारी रेघ बहुधा ओंडके ओढून आणण्याची घसरंडी असते. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

वेळेचा हिशेब मात्र कठोरपणे करा. चालायला लागणाऱ्या वेळेचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892चा ठोकताळा ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला 1 तास जादा असा आहे, पण तो मोकळ्या वाटेसाठी. रान माजलेल्या रस्त्यावर ताशी 1 किलोमीटर धरा. त्याहून लवकर पोचलात तर उत्तमच.

प्रश्न : रस्त्यावर झुडपं इतकी दाट आहेत की चालताच येत नाही, आणि बाजूचं जंगल मोकळं दिसतं. रस्ता सोडावा का?

सोडा, पण दृष्टिआड करू नका. रस्ता बंद पडला की त्या उघड्या पट्ट्यावर सगळ्यात जास्त ऊन पडतं आणि भराभर वाढणारी झुडपं तिथेच गर्दी करतात. शेजारच्या जुन्या झाडांच्या सावलीत ती माजत नाहीत. म्हणून रस्त्याला समांतर, वरच्या अंगाने 10-20 मीटरवरून चालायचं आणि ओढा किंवा कडा आला की पुन्हा पट्ट्यावर यायचं. उतारावरची झुडपं खालच्या बाजूला झुकलेली असतात. उतरताना ती वाट देतात, पण चढताना हीच झुडपं भाल्यांसारखी अंगावर येतात. परतीचा वेळ ठरवताना हे लक्षात घ्या.

पट्ट्यावर असाल तेव्हा डोंगराच्या बाजूने चाला. बाहेरची कड ही भरावाची असते. भरावात पुरलेले बुंधे कुजले की आत पोकळी राहते आणि वरून काही कळत नाही.

मोऱ्यांपाशी विशेष जपा. लाकडी मोरी कुजून किंवा पत्र्याची गंजून वरची माती आत बसते आणि गवताखाली माणूस जाईल एवढं भोक पडतं. रस्त्यावर आडवा खळगा दिसला, पायाखाली पाण्याचा आवाज आला किंवा खालच्या अंगाची माती ओलीकच्च असली, तर काठीने टोचत टोचत पुढे जा. त्याहून चांगलं म्हणजे भराव सोडून ओढा वरच्या अंगाला पार करा. मोरी तुंबून वरच्या बाजूला डबकं साचलं असेल, तर तो भराव पाण्याने फुगलेला असतो. त्यावर पाय ठेवूच नका.

चुकण्याची हमखास जागा म्हणजे ओंडके रचायचं सपाट पटांगण. तिथून चार-पाच फाटे निघतात आणि सगळ्यात रुंद फाटा बरोबर असेलच असं नाही. पटांगणात शिरण्याआधीच पुढच्या रस्त्याची दिशा होकायंत्रावर घ्या, आणि बाहेर पडताना मागे वळून एक फोटो काढा. परत येताना जे दिसणार, ते त्या फोटोत असेल.

प्रश्न : पुलाच्या फळ्या कुजल्या आहेत, पण खालच्या तुळया शाबूत वाटतात. चालून जावं का?

खालून पाण्यातून जाता येत असेल तर पुलावर चढू नका. दुसरा उपाय नसेलच तर फळ्यांवरच्या खिळ्यांच्या ओळी बघा. खिळे जिथे रांगेत आहेत त्याखाली तुळई आहे, तेव्हा पाय त्या ओळीवरच ठेवायचा. तुळई मधोमध दणकट दिसते आणि टोकाला, काठाच्या मातीत टेकते तिथे, कुजलेली असते. तपासायचं टोकच. काठीने ठोका : चांगलं लाकूड टणटणतं, पोकळ लाकूड धप्प वाजतं. चाकूचं पातं दोन बोटं सहज आत गेलं तर विषय संपला. एका वेळी एकच माणूस, आणि ओल्या तुळईवर उभं न राहता दोन्ही बाजूंना पाय सोडून बसत सरकायचं.

प्रश्न : रस्ता नदीशी येऊन संपतो. पूल वाहून गेला आहे, पलीकडे रस्ता पुढे गेलेला दिसतो. तिथूनच पार व्हावं का?

नाही. समोर रस्ता दिसत असल्यामुळे पाय तिथेच ओढले जातात, पण पायी उतरायला ती बहुधा सगळ्यात वाईट जागा असते. पूल बांधणारा नदी अरुंद आणि काठ पक्के असलेली जागा शोधतो, म्हणजे पूल आखूड होतो. तेवढंच पाणी अरुंद पात्रातून जायचं तर ते खोल आणि वेगवान होणारच. शिवाय जुने खांब, सळया, तारा पाण्यात राहिलेल्या असतात आणि त्यात माणूस अडकतो. पायी उतरणाऱ्याला नेमकं उलट हवं : रुंद, उथळ, पसरलेलं पाणी.

तेव्हा पुलाच्या जागेपासून वर आणि खाली किमान अर्धा-अर्धा किलोमीटर काठाने फिरून बघा. दोन वळणांच्या मधला सरळ भाग, जिथे पाणी गोट्यांवरून खळाळत जातं, तो चांगला. नदी फाटून तीन-चार धारा झाल्या असतील तर आणखी चांगलं, कारण एकेक धार वेगळी पार करता येते. वळणाची बाहेरची बाजू टाळा. तिथे पाणी काठ कापत जातं आणि डोह असतो. पलीकडचा काठ चढण्याजोगा आहे ना, तेही आधीच बघून ठेवा. खाली काय आहे हे तर पाहिलंच पाहिजे. घसरलात तर पुढच्या 100 मीटरमध्ये धबधबा, घळ किंवा आडवी पडलेली झाडं नकोत. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस मात्र त्यांना चिकटून राहतो.

मग वेग मोजा. काठावर 10 मीटर अंतर पावलांनी मोजून पाण्यात काटकी टाका. नेहमीच्या चालीने हे अंतर साधारण 7 सेकंदांत कापलं जातं. काटकी तुमच्यापेक्षा पुढे पळत असेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर उतरू नका. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. मांडीभर पाण्यात दोन पायांचा सुमारे 0.2 चौरस मीटर भाग प्रवाह अडवतो. सेकंदाला 1 मीटर वेग असेल तर त्यावर साधारण 10 किलो वजनाइतका रेटा येतो, आणि 2 मीटर असेल तर 40 किलोइतका. तोही निसरड्या गोट्यांवर उभं असताना.

तळ दिसत नसेल, पाण्यातून फांद्या वाहत येत असतील किंवा तळाशी दगड गडगडल्याचा दबका आवाज येत असेल, तर मोजमापाची गरजच नाही. तंबू लावा, नाहीतर मागे फिरा.

प्रश्न : प्रत्यक्ष उतरताना सॅक, काठी, दोर यांचं काय करायचं?

सॅकचे छातीचे आणि कमरेचे बक्कल सोडा, खांद्याचे पट्टे थोडे सैल करा. पडलात आणि सॅकने पाण्याखाली दाबलं, तर ती एका झटक्यात काढता आली पाहिजे. सामान जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत भरून तोंड पिळून दुमडलेलं असेल, तर सॅक तरंगते. बूट पायातच ठेवा, मोजे आणि आतली गादी काढून ठेवा. अनवाणी उतरलात तर पहिल्या टोकदार दगडावर तोल जाईल.

एकटे असाल तर छातीपेक्षा उंच दणकट काठी घ्या. ट्रेकिंगच्या काठ्या असतील तर मनगटाचे फास काढून टाका. तोंड वरच्या अंगाला, काठी समोर रोवलेली, वजन किंचित पुढे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची : काठी, मग एक पाय, मग दुसरा. पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत, तळाशी घासत सरकवायचे. रेषा थोडी तिरकी, खालच्या अंगाला जाणारी ठेवा, म्हणजे पाण्याशी भांडावं लागत नाही. पायाजवळच्या पाण्याकडे एकटक बघितलं की गरगरतं. नजर पलीकडच्या काठावर असू द्या.

तीन ते पाच जण असाल तर एकेकट्याने उतरू नका. प्रवाहाला समांतर एक रांग करा, सगळ्यांची तोंडं पलीकडच्या काठाकडे, सगळ्यात धट्टाकट्टा माणूस वरच्या टोकाला. शेजाऱ्याची पाठ आणि सॅक यांच्यामधून हात घालून त्याला घट्ट धरा आणि एकाच्या हुकमावर सगळ्यांनी मिळून पाऊल टाका. पहिला पाणी फोडतो, त्याच्या आडोशाला बाकीच्यांवरचा रेटा कमी होतो. रांग प्रवाहाला आडवी झाली तर हा फायदा जातो, म्हणून ती वळू देऊ नका.

अंगाला दोर बांधू नका, कमरेला तर मुळीच नाही. बांधलेला माणूस पडला की दोर ताणला जातो, आणि ताणलेला दोर पाण्याच्या रेट्याने त्याला तळाकडे दाबून धरतो. बचावाचं प्रशिक्षण नसलेल्या गटाने दोर सॅकमध्येच ठेवावा.

प्रश्न : जाताना पाणी गुडघ्याएवढं होतं, परत येताना कमरेएवढं झालं तर?

बेत आखताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा. बर्फ वितळून आलेलं पाणी पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त असतं. पण हे बर्फाजवळच्या प्रवाहाला लागू. खूप खालच्या टप्प्यात दुपारचं चढलेलं पाणी पोचायलाच रात्र होते, तिथे पहाटेही नदी फुगलेली असू शकते. पावसाच्या पाण्याचं वेगळं : लहान ओढा काही तासांत चढतो आणि तसाच उतरतो, मोठी नदी उशिरा चढते आणि दिवसेंदिवस उतरत नाही.

काठावर पोचल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि दर 15 मिनिटांनी बघा. पाणी उतरत असेल तर थांबणं फायद्याचं. चढत असेल तर काठापासून दूर आणि उंचावर जा. थांबता यावं म्हणून एका दिवसाचं जादा अन्न बेतातच धरलेलं हवं, आणि मागे राहिलेल्या माणसांना ‘एक दिवस उशीर होऊ शकतो’ असं सांगून निघायचं. तसं सांगितलं नाही, तर लोक काळजी करतील या धास्तीने माणूस नको त्या पाण्यात उतरतो.

प्रश्न : पाय सुटून वाहायला लागलो तर?

उताणे व्हा, पाय खालच्या अंगाला, बोटं पाण्याच्या वर. हात मारत काठाकडे तिरकं सरका. वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांत अडकतं आणि मागचं पाणी माणसाला पालथं पाडतं. बूड तळाला घासलं की मगच उठायचं. सॅक तरंगत असेल तर ती धरून ठेवा, बुडवत असेल तर सोडा. पुढे आडवं झाड दिसलं आणि टाळता येत नसेल, तर झटकन पालथे व्हा, डोकं पुढे करून जोरात पोहत जा आणि झाडाच्या वर चढा.

पाणी बर्फाळ असेल तर पहिलं मिनिट श्वास आवरण्यात जातं आणि पुढच्या साधारण 10 मिनिटांत हातापायांतली ताकद निघून जाते. म्हणून बाहेर पडल्यावर लगेच ओले कपडे काढून कोरडे घाला. ते कोरडे राहिले असतील, तर त्या जाड पिशवीमुळेच.

प्रश्न : फोर-व्हील गाडीने नदी पार करताना किती खोली चालते?

चाकाच्या मध्यापर्यंत, आणि तेही आधी स्वतः चालून बघितल्यावर. जिथे तुम्हाला उभं राहवत नाही तिथे गाडी घालू नका. वाहतं पाणी 30 सेंटिमीटर असलं तरी लहान गाडी सरकते, 60 सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहतात. पाण्यात घालण्याआधी 15 मिनिटं गाडी थंड होऊ द्या. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. लो रेंज (फोर-व्हील गाडीतली कमी वेगाची, जास्त जोराची गिअर-जोडणी), पहिला किंवा दुसरा गिअर, चालीचा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पार झाल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, आणि मुक्कामी अ‍ॅक्सलचं तेल बघा. दुधाळ दिसलं तर ते बदलेपर्यंत पुढे जाऊ नका.