नववीतल्या मुलीचं लग्न ठरलंय, मी काय करू?

ताई, तुमच्या गल्लीतल्या पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलंय, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आणि तुमचं नाव फुटेल याची तुम्हाला धास्ती आहे. मी बीड जिल्ह्यात 21 वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, म्हणून लिहिते.

आजच 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. गाव, बापाचं नाव, लग्नाची जागा आणि तारीख नीट सांगा. ‘नुसता साखरपुडा आहे’ म्हणत असतील तर तेही सांगा; आमच्याकडे साखरपुड्यातच हळद लावून अक्षता टाकून मोकळे होतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. पण त्याला त्याच गावात नांदायचं असतं, एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

बाप आधार कार्ड नाचवेल. वयाला शाळेतल्या नोंदीचा उतारा लागतो, तेव्हा मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घाला.

लग्न थांबवणं त्यातल्या त्यात सोपं. मी एकदा मांडव उतरवला, बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि खुशीत घरी आले. पंधरा दिवसांनी गेले तर दप्तर खुंटीला आणि पोरगी शेजारच्या जिल्ह्यात. पहाटे देवळात उरकलं होतं. आई म्हणाली, “बाई, सहा महिने आम्ही उसाच्या फडात. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाकडच्यांनाही घाई होतीच, ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि मजूर नेणारा मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडीला.

म्हणून अधिकाऱ्यांना नुसत्या हमीपत्रावर भागवू देऊ नका. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम आणता येतो. तो असताना लावलेलं लग्न मुळातच रद्द. मुलीला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळाचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, न्यायला सांगा आणि तिथं एकच धरून बसा: दिवाळी ते गुढीपाडवा ही पोर झोपणार कुठं? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत, समाजकल्याण कार्यालयात जागा विचारा. आईला हे आधी कळलं तर निम्मा विरोध तिथंच गळतो, हा माझा अनुभव.

मुलीशी बोलाच, पण तिच्या घरी नको. शाळेच्या वाटेवर गाठा आणि 1098 पाठ करून घ्या. कागदावर लिहून देऊ नका, दप्तर तपासतात.