नऊ फुटांचं वर्तुळ, दहा फुटांची खोली

वाचक विचारतात : विक्का या आधुनिक, निसर्गपूजक चेटूक-पंथाचे घरगुती विधी

प्रश्न : इंग्लंडमध्ये शिकायला आले आहे. विक्काचा विधी एकटीने करायचा तर जागा कशी सिद्ध करायची? वर्तुळ नऊ फुटांचं हवं असं वाचलं. खोली जेमतेम दहा बाय दहा, त्यातच पलंग.

उत्तर : नऊ फूट हा व्यास सगळं मंडळ आत उभं राहून फेर धरणार असेल तेव्हाचा. 1951मध्ये जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांनी ही पद्धत उघडपणे मांडली, ती मुळात समूहाची होती. एकटीला पाच फूट पुरतात. मध्यावर सुतळीचं टोक दाबून धरा, अडीच फुटांवर खडू बांधा आणि फिरवा. गालिचा असेल तर खडू नको. सोळा फूट सुतळी घेऊन तिचाच गोल मांडा.

आधी दिशा ठरवा. फोनचं होकायंत्र लोखंडी पलंगाजवळ किंवा स्पीकरशेजारी हमखास चुकतं, म्हणून खोलीच्या मध्ये उभं राहून बघा. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. वेदी म्हणून एखादं स्टूल चालेल. ते बरेच जण उत्तरेला ठेवतात, पण जागा कमी असेल तर मधोमध ठेवलेलं बरं, म्हणजे फिरताना अडखळायला होत नाही.

मग झाडून घ्या, खरोखरचा केर काढून. वेदीवर वाटीभर पाणी, बशीत मीठ, धूप, मेणबत्ती आणि अथामे, म्हणजे काळ्या मुठीची सुरी. तिने काही कापायचं नसतं, त्यामुळे धार नसली तरी बिघडत नाही. सुरीचं टोक पाण्याला लावून ते शुद्ध करा, मग मिठाला लावा. तीन चिमटी मीठ पाण्यात घालून ढवळा. पूर्वेपासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अथामेने कडेकडेने वर्तुळ आखा. त्याच वाटेने मीठपाणी शिंपडा, मग धूप फिरवा, शेवटी मेणबत्ती. बोटं बुडवून थेंब उडवायचे, सडा घालायचा नाही. लाकडी फरशीवर मिठाचे डाग राहतात आणि अथामेचं पातं न पुसता ठेवलं तर गंजतं. यानंतर चार दिशांना आवाहन. विधी संपला की त्यांना निरोप द्या आणि वर्तुळ मोडा. हा निरोप घाईत राहून जातो, मग सगळंच अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त वेळा राहते ती काडेपेटी! वर्तुळ आखल्यावर तशीच ओलांडून बाहेर जायचं नाही, कारण ते आतली शक्ती धरून ठेवणारं भांडं मानलं जातं. ईशान्येला अथामेने दार कापल्यासारखं करा, बाहेर जा, परत आल्यावर त्याच जागेवरून तीनदा पातं फिरवून ते बंद करा. मांजराला मात्र मुभा असते, असं जुने लोक सांगतात.

वसतिगृहात ज्योतीला बंदी असेल तर बॅटरीवरची मेणबत्ती घ्या. धुराच्या अलार्मवर कापड बांधू नका. कोळशाच्या वड्यांवरचा धूप तर बंद खोलीत नकोच. पेटताना ठिणग्या उडतात, कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि वाटीत वाळूचा थर नसेल तर खालचं लाकूड जळतं. साधी उदबत्ती आणि उघडी खिडकी पुरते.

प्रश्न : मी मेलबर्नला असते. इथले साधक उलटं फिरतात. आपल्याकडे उलटी प्रदक्षिणा अशुभ मानतात, त्यामुळे मन घेत नाही.

उत्तर : दोन्हींचं कारण वेगळं आहे. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा असतो, म्हणून ती पुण्यात आणि मेलबर्नमध्ये सारखीच. विक्काचा फेर सूर्याच्या मागोमाग जातो. इंग्लंडमध्ये सूर्य पूर्वेकडून दक्षिणेमार्गे पश्चिमेला जातो, तुमच्याकडे उत्तरेमार्गे. म्हणून तिथले अनेक जण घड्याळाच्या उलट फिरतात, अग्नी उत्तरेला आणि पृथ्वी दक्षिणेला ठेवतात. काही जण पुस्तकातलीच दिशा पाळतात. कोणतीही धरा, पण अग्नी उत्तरेला आणि फेर मात्र इंग्लंडचा, असं करू नका. आपले दिक्पालही यात मिसळू नका. पश्चिमेचा वरुण जुळतो खरा, पण आपला अग्नी आग्नेयेला आणि दक्षिणेला यम, म्हणजे पुढे गणित फसतंच. शिवाय मेलबर्नला चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून 11–12 अंश पूर्वेकडे सरकलेली दिसते. फोनमध्ये खरी उत्तर निवडायची सोय असते, ती चालू करा.

प्रश्न : नाशिकमध्ये घरी असं काही केलं तर जादूटोणाविरोधी कायद्यात सापडू का?

उत्तर : स्वतःच्या घरी, कुणाला इजा किंवा आर्थिक नुकसान न करता केलेला विधी 2013च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा विषय नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, चमत्काराचा दावा करून लोकांकडून पैसे उकळणं, हे मात्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार.

प्रश्न : उरलेलं मीठपाणी तुळशीला घातलं तर चालेल ना? पवित्र असतं म्हणून विचारते.

उत्तर : नको. मिठाने मुळं जळतात. मोरीत ओता, वरून तांब्याभर साधं पाणी.