'गॉथिक'ला भयकथा म्हणावं का?

प्रश्न असा : बी.ए.च्या इंग्रजी अभ्यासक्रमात टॉमस ग्रेची दफनभूमीतली विलापिका (१७५१) संपली की 'गॉथिक फिक्शन' येतं. त्याला मराठीत 'भयकादंबरी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. दार करकरलं की 'काय गॉथिक वातावरण!' हे ऐकून कान किटले आहेत. ग्रेचा शाळासोबती हॉरेस वॉलपोल याने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' आधी जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून खपवली. १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आपलीच असल्याचं कबूल करून शीर्षकाखाली 'अ गॉथिक स्टोरी' असं छापलं. अर्थ एवढाच, की मध्ययुगातली गोष्ट. अ‍ॅन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो'त (१७९४) काळा पडदा उचलताच नायिका बेशुद्ध पडते, आणि शेवटी कळतं की आत मेणाचा पुतळा होता. भूत आहे कुठे? सीएसएमटीच्या टोकदार कमानीही गॉथिकच, तिथे कोण घाबरतं?

मूळ घोळ वसारीचा. इटलीच्या या चरित्रकाराने १५५० साली टोकदार कमानींचं खापर गॉथ नावाच्या जुन्या जर्मानिक टोळ्यांवर फोडलं. गॉथांनी रोम लुटलं ४१० साली. त्या कमानी पॅरिसजवळ सेंट-दनीच्या चर्चमध्ये उभ्या राहिल्या ११४०च्या सुमारास. सातशे वर्षांचं अंतर या गृहस्थाला दिसू नये!

आता 'गॉथ'. या टोळ्यांच्या गॉथिक भाषेत 'गिउतन' म्हणजे ओतणे, आणि टोळीचं नाव त्याच कुळातलं मानतात. आपल्या संस्कृतातल्या 'ह'च्या जागी तिकडे, म्हणजे गॉथिक-इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत, 'ग' येतो : हंस तिकडे गूस, हिरण्य तिकडे गोल्ड. तसाच हा धातू म्हणजे आपला 'हु' : जुहोति, हवन, होम, आहुती! तूप अग्नीत ओतणारा ऋत्विज, म्हणजे 'होता', आणि गॉथ ही एकाच धातूची लेकरं.

'गॉड'ही याच घरातला, असं माझं ठाम मत आहे. पुष्कळ कोशकार तो 'हूत', म्हणजे हाक मारून बोलावलेला, असा लावतात. त्यांनी ग्रीक महाकवी होमर उघडावा. तिथे थडग्यावरच्या ढिगाला 'ओतलेली माती' म्हणतात, आणि ते विशेषण याच धातूचं. आपण मूठमाती देतो, त्यांनी ओतली. त्या मातीखालचा पूर्वज तोच पहिला 'गॉड'. ग्रेच्या कवितेतही जुन्या झाडांच्या सावलीत हिरवळ जागोजागी फुगून वर आलेली आहे. ती हीच ओतलेली माती.